जपानला निघायच्या बारा दिवस आधी

आजचा भाग घरातूनच रेकॉर्ड करतेय, त्यामुळे मध्येच मिक्सरचा आवाज आला तर समजून घ्या. मावशी राहायला आलीये आणि शेंगाचटणीचा कारखाना सुरू आहे.

महिनाभर बरेच जण विचारतायत, की तयारी कशी चाललीये, भीती वाटते का. तर सांगते. थोडं विस्कळीत होईल.

आम्ही तिघी जातोय. मी, आई आणि मावशी. नोव्हेंबरमध्ये अकरा दिवस, टोकियो, क्योटो आणि हिरोशिमा. आई चोपन्नची, मावशी एकावन्नची, आणि दोघींचा हा पहिलाच परदेश प्रवास. बाबा येऊ शकत नाहीत, कारण आजीला एकटं सोडता येत नाही. त्यामुळे घरात पहिला प्रश्न आत्याने टाकला, "तिघीच? पुरुषमाणूस कोणीच नाही बरोबर?" मी म्हटलं, विमानात असतील की दीडशेएक. बाबा हसले, आत्या नाही हसली.

मी सॉफ्टवेअरवाली. महिन्यातून एक आठवडा माझी ऑन-कॉल ड्यूटी असते, रात्री तीन वाजता फोन वाजतो आणि काहीतरी पडलेलं असतं. त्यामुळे "हे बंद पडलं तर काय" हा विचार करायची सवय लागलीये. मी एक्सेल शीट उघडली, काय काय बिघडू शकतं त्याची. एकेचाळीस ओळी झाल्या.

उदाहरण देते. इंटरनेटसाठी सगळे सांगतात की एक पॉकेट वायफाय घ्या, तिघींत चालेल, स्वस्त पडेल. पण आपण वेगळ्या झालो तर? वायफाय माझ्या पर्समध्ये आणि आई भलत्याच स्टेशनवर. नेमकी जेव्हा गरज तेव्हाच तिच्याकडे नेट नाही. म्हणून मला ई-सिम, आणि त्या दोघींच्या फोनमध्ये ई-सिम चालत नाही म्हणून त्यांना इथूनच रोमिंग. महाग आहे, पण असू दे. पैशांचंही तसंच. प्रत्येकीकडे स्वतःचं कार्ड आणि स्वतःच्या पर्समध्ये वीस हजार येन रोख. आईला हे पटत नव्हतं, "तुझ्याकडेच ठेव, माझ्याकडून हरवतील." म्हटलं, हरवू देत.

व्हिसाच्या कागदांत एक गंमत झाली. तिघींचा खर्च मी करतेय, मग नातं दाखवा. आईचं सोपं, माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर तिचं नाव आहे. पण मावशी माझी मावशी आहे हे सांगणारा एकही सरकारी कागद नसतो! शेवटी आई आणि मावशी दोघींच्या पासपोर्टवर आईचं नाव म्हणून आमच्या आजीचं नाव आहे, ते जोडलं. तर एकीकडे आजी 'एक्स' वाली लक्ष्मी, दुसरीकडे 'के-एस-एच' वाली. कव्हरिंग लेटरमध्ये एक परिच्छेद आजीच्या स्पेलिंगवर लिहिला. व्हिसा आला. आजी असती तर खूश झाली असती.

औषधांचं मात्र नीट ऐका, कारण हे मलाही माहीत नव्हतं. स्वतःपुरती, महिनाभराची प्रिस्क्रिप्शनची औषधं जपानला नेता येतात. त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. पण काही औषधं मुळातच चालत नाहीत. स्यूडोएफेड्रीनचं प्रमाण जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या तिथे बंद आहेत, आणि कोडीनवरही निर्बंध आहेत. आपल्याकडे असं औषध घरातल्या डब्यात सहज सापडू शकतं. म्हणून तो 'औषधांचा डबा' तसाच उचलून नेऊ नका. आईच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावाने लिहून घेतली. आपला ब्रँड तिथल्या केमिस्टला काय कळणार? आणि हो, ताजा कढीपत्ताही नेता येत नाही. मावशीशी यावर दोन दिवस अबोला होता.

"जपान एकदम सेफ आहे गं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. आहेच. पण गर्दीच्या ट्रेनमध्ये अंगचटीला येणारे तिथेही आहेत. त्याला तिथे शब्द आहे 'चिकान', आणि स्टेशनांवर त्याविरुद्ध पोस्टर लावलेली असतात. सकाळच्या गर्दीत बऱ्याच मार्गांवर बायकांचा वेगळा डबा असतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी खुणा बघायच्या. टोकियो पोलिसांचं 'डिजी पोलीस' नावाचं अ‍ॅप आहे. त्यात एक बटण दाबलं की 'मदत करा' असा जपानी मजकूर स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत येतो, आणि पुन्हा दाबलं की मोठ्याने ओरडतं. मावशीला दाखवलं. ती म्हणाली, "मला अ‍ॅप कशाला, मी मराठीत ओरडेन." ते चालेल.

तर या माझ्या एकेचाळीस ओळी. चोर, पासपोर्ट, पोट बिघडणं, पाळी, सगळं होतं त्यात. मी निवांत होते.

आई मात्र एकच गोष्ट विचारायची. "खोली कितव्या मजल्यावर आहे?" मी टोकियोत चौदाव्या मजल्यावरची घेतली होती, शहर दिसतं म्हणून. आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी जरा वैतागूनच म्हटलं, "अगं लिफ्ट आहे, गुडघ्याला काही होणार नाही."

ती म्हणाली, "गुडघ्याचं नाही. हलेल ना तिथे."

आईचं माहेर औसा. लातूरपासून जवळच. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. हे मला माहीत होतं, म्हणजे जसं शाळेच्या पुस्तकातलं माहीत असतं तसं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले, आणि पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. त्या भागातल्या घरांच्या भिंती दगडमातीच्या आणि वर मातीचं जड माळवद. माणसं त्याखाली गेली. त्यांच्या घरी दोन खोल्या माळवदाच्या होत्या आणि मागे एक पत्र्याची. त्या रात्री मुलं उशिरा आली म्हणून पत्र्याच्याच खोलीत आडवी झाली. माळवदाच्या खोलीची भिंत आत पडली. आमच्या घरातलं कोणी गेलं नाही. गल्लीतलं तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नंतर तीन महिने ते सगळे अंगणात झोपले.

आई आजही उशाशी चपला ठेवून झोपते. मला लहानपणापासून वाटायचं, फरशी गार लागते म्हणून.

मी म्हटलं, आपण कॅन्सल करू, हॉटेलं अजून फुकटात रद्द होतायत. तर ती माझ्यावरच चिडली. "जायचं नाही असं म्हटलं का मी? खालची खोली बघ म्हटलं."

मी तिला समजावायला गेले की जपानमध्ये जून १९८१ पासून भूकंपासाठीचे बांधकामाचे नियम खूप कडक केलेत, उंच इमारती मुद्दाम डोलतील अशा बांधतात, खालचा मजला म्हणजे जास्त सुरक्षित असं काही गणित नाही. दहा मिनिटं बोलले. ती ऐकून म्हणाली, "बरं." मग मी खालचीच खोली बघितली. तिन्ही शहरांत १९८१ नंतर बांधलेली हॉटेलं, तिसऱ्या मजल्याच्या आत. थोडे पैसे जास्त गेले.

दुसरं म्हणजे, तिथे मोठा धक्का येणार असेल तर काही सेकंद आधी फोन मोठ्याने वाजतो. परदेशी लोकांसाठी 'सेफ्टी टिप्स' नावाचं अ‍ॅप आहे, इंग्रजीत सूचना देतं. तो आवाज तिने पहिल्यांदा तिकडे, रात्री तीनला ऐकायला नको, म्हणून मी इथेच ऐकवला. पहिल्यांदा ती उठून उभीच राहिली. पुढच्या दोन दिवसांत चार-पाच वेळा लावला. काल म्हणाली, "बंद कर आता, ओळखू येतो." जपानी लोकांनाही उशाशी बूट आणि टॉर्च ठेवायला सांगतात, हे वाचून दाखवलं तर तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

दार बंद होऊन ताटातूट झाली तर काय, याची तालीम आम्ही पुणे मेट्रोत केली. नियम असा: जी ट्रेनमध्ये आहे ती पुढच्या थांब्यावर उतरून तिथेच थांबणार, मागे राहिलेली पुढच्या ट्रेनने येणार, कोणीही उलटं फिरायचं नाही. नळ स्टॉपला मी मुद्दाम मागे राहिले. गरवारेला पोचले तर दोघी गायब. मावशीची शेजारच्या बाईशी ओळख निघाली होती, दोघी डेक्कनला उतरल्या. दुसऱ्यांदा जमलं. गळ्यात हॉटेलचा पत्ता जपानी अक्षरांत लिहिलेलं कार्ड असणार आहे. अगदीच चुकलं तर ते घेऊन कोबानमध्ये, म्हणजे नाक्यावरच्या छोट्या पोलीस चौकीत जायचं. पोलीस ११०, अँब्युलन्स ११९, हे आकडेही कार्डाच्या मागे.

बाबांशीही ठरलंय. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. रोज त्यांच्या दुपारी साडेचारला, म्हणजे आमच्या रात्री आठला मेसेज. आणि टीव्हीवर 'जपान हादरलं' अशी लाल पट्टी दिसली, तर आधी शहराचं नाव बघायचं. फोन करायचा नाही, लाइनी तुंबतात. आम्ही 'ठीक' एवढा एकच शब्द पाठवू. बाबा म्हणाले, "आणि नाही आला तर?" मी म्हटलं, तासभर थांबा, मग दूतावासाला फोन करा. नंबर फ्रिजवर चिकटवलाय. ते काही बोलले नाहीत, पण काल तो नंबर त्यांच्या पाकिटातही दिसला.

आत्ता वजनकाट्यावर बॅगा चढल्यात. माणशी तेवीस किलो, आणि मावशीची चटणीच चार किलो भरलीये. चला, मला हाक मारतायत.