घरच्या प्रिंटरबरोबर येणारे नको असलेले प्रोग्रॅम : ओळख व बंदोबस्त

(पेण व रोहा तालुक्यांतील शेतकरी आणि महिला बचत गटांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्येच्या शिक्षकाने प्रिंटरवर बोलावे हे आपणास थोडे विचित्र वाटेल. परंतु सातबारा, आठ-अ, पीक विम्याची पावती, महाडीबीटीच्या अर्जाची प्रत, बँकेने मागितलेली आधार कार्डाची प्रत ही सारी कागदपत्रे आज प्रिंटरमधूनच निघतात. पेणकडच्या ज्या भगिनी पोह्याचे पापड आणि मिरगुंडे करून विकतात, त्यांना पाकिटावर लावायची लेबले लागतात. रोह्याकडे भातानंतर घेतलेले कडवे वाल पाकिटांत भरून विकायचे तर बिले आणि लेबले आलीच. दर वेळी तालुक्याच्या गावी खेप घालण्यापेक्षा घरात एक प्रिंटर असलेला बरा, असे अनेकांनी ठरवले आहे व ते योग्यच आहे.

तक्रार त्यानंतर सुरू होते. प्रिंटर आणल्यापासून संगणक मंद झाला. सुरू केला की 'शाई मागवा' अशी खिडकी उघडते. अँटीव्हायरसची मुदत संपली, पैसे भरा, असा इशारा येतो. इंटरनेटवर काही शोधायला जावे तर भलतेच पान उघडते. प्रिंटर सदोष आहे असे समजून काही जण तो दुकानात परत नेतात. बहुतेक वेळा प्रिंटर ठणठणीत असतो. त्याच्यासोबत संगणकात शिरलेल्या इतर प्रोग्रॅमचा हा उपद्रव असतो.

हा प्रकार आपणास नवा नाही. युरिया घ्यायला गेल्यावर 'ही द्रवरूप खताची बाटलीही घ्यावी लागेल' असे ज्याला ऐकावे लागले नाही असा शेतकरी विरळाच. त्याला आपण लिंकिंग म्हणतो. प्रिंटरच्या बाबतीतही तेच घडते. फक्त इथे दुकानदार समोर नसतो. पडद्यावरच्या एका लहान चौकोनात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असते आणि आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत पुढे जातो. दुकानात आपण निदान हुज्जत तरी घालतो.

प्रिंटरला खरोखर काय लागते?

संगणक आणि प्रिंटर यांची भाषा वेगळी असते. एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगणाऱ्या लहानशा प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. छपाईसाठी एवढाच पुरतो. कंपनीच्या सीडीवर किंवा संकेतस्थळावर जे मोठे गाठोडे मिळते, त्यात ड्रायव्हरखेरीज शाई मागवण्याचा प्रोग्रॅम, फोटोंचा अल्बम, आपण किती पाने छापतो याची माहिती कंपनीला कळवणारा प्रोग्रॅम, आणि कधी कधी दुसऱ्याच कंपनीचा चाचणी मुदतीचा अँटीव्हायरस असतो. माझे स्पष्ट मत असे आहे की घरगुती वापरासाठी यांतील एकाचीही गरज नाही. स्कॅनिंगचे काय, असे कोणी विचारील. विंडोजमध्ये 'फॅक्स अँड स्कॅन' हा प्रोग्रॅम आधीपासून असतो आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर 'विंडोज स्कॅन' मोफत मिळतो. आधार कार्ड किंवा पासबुक स्कॅन करण्यास तो पुरेसा आहे. शाई किती उरली हे टाकीच्या प्रिंटरमध्ये डोळ्यांनीच दिसते.

कंपन्या हे का करतात, हेही समजून घ्यावे. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि नफा शाईवर कमवायचा, ही या धंद्याची जुनी रीत आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपी कंपनीच्या काही प्रिंटरनी इतर कंपन्यांची शाईची काडतुसे एकाएकी नाकारली. कारण प्रिंटरच्या आतील प्रोग्रॅममध्येच तशी तजवीज केलेली होती. ग्राहकांचा ओरडा झाल्यावर कंपनीने माफी मागून ती अडवणूक काढणारा सुधारित प्रोग्रॅम दिला. २०२० साली याच कंपनीने अशी एक योजना आणली, की ती स्वीकारल्यास प्रिंटर कायम इंटरनेटला जोडलेला हवा, कंपनीकडे खाते हवे आणि शाई कंपनीचीच हवी. पावसाळ्यात ज्या गावांत वीज आणि रेंज दोन्ही जातात, तिथे असा प्रिंटर काय कामाचा? खरेदी करताना खोक्यावरील बारीक अक्षरातील मजकूर वाचावा, नाहीतर दुकानदाराला सरळ विचारावे.

बेणणीपेक्षा स्वच्छ बी बरे

भाताचे बी आपण तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकतो, वर तरंगणारे पोचट बी काढून टाकतो आणि तळाचे घेतो. भातासारखेच दिसणारे तण लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही, म्हणून बी निवडतानाच काळजी घ्यावी लागते. इथेही तेच धोरण ठेवावे.

प्रिंटर आणल्यावर सीडी घालण्याची घाई करू नये. विंडोज १० व ११ मध्ये केबल जोडून, किंवा सेटिंग्जमधील 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' येथे 'ॲड डिव्हाइस' दाबून, काही मिनिटे थांबावे. बहुतेक चालू मॉडेलचा ड्रायव्हर विंडोज स्वतःच शोधून बसवते. एक पान छापून पाहावे. पान नीट आले तर पुढे काहीही बसवू नये.

तसे न झाल्यासच कंपनीच्या संकेतस्थळावर जावे आणि तेही पुस्तिकेत छापलेला पत्ता स्वतः टाइप करून. आजच्या बऱ्याच लॅपटॉपना सीडीची खाचच नसते. मग लोक प्रिंटरचे नाव शोधयंत्रात टाकतात आणि सर्वांत वर जे येते ते उघडतात. वर येते ती पुष्कळदा जाहिरात असते. संकेतस्थळावर 'फुल सॉफ्टवेअर' आणि 'बेसिक ड्रायव्हर' असे दोन पर्याय असल्यास दुसरा घ्यावा. बसवताना 'कस्टम' निवडावे, प्रत्येक चौकोन वाचावा आणि नको ती खूण काढावी.

बसवण्यापूर्वी विंडोज एक परवानगीची खिडकी दाखवते. तिच्यात 'व्हेरिफाइड पब्लिशर' म्हणून कंपनीचे नाव असेल तर खिडकीचा पट्टा निळा दिसतो. प्रकाशक अज्ञात असेल तर तो पिवळा असतो. प्रमाणित बियाण्याचे लेबलही निळेच असते, त्यामुळे हे आपल्या लक्षात राहावे. पिवळी खिडकी दिसल्यास 'नो' म्हणावे. अर्थात निळ्या पट्ट्याने प्रोग्रॅम कोणाचा आहे एवढेच कळते, गाठोड्यात किती अवांतर माल भरला आहे ते कळत नाही.

पेन ड्राइव्हमधून आलेली कीड

नको असलेला प्रोग्रॅम नेहमी फक्त कटकट करणारा असतो असे नाही. प्रोकलर्ड ही कापडावर आणि वस्तूंवर छपाई करणारे प्रिंटर बनवणारी चिनी कंपनी आहे. मे २०२५ मध्ये असे उघडकीस आले की, तिच्या काही प्रिंटरसाठी कंपनीने स्वतः दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये घातक प्रोग्रॅम होते. परीक्षणासाठी प्रिंटर मिळालेल्या एका गृहस्थाच्या अँटीव्हायरसने पेन ड्राइव्ह लावताच इशारा दिला. हा इशारा खोटा आहे, असे कंपनीने आधी सांगितले. जर्मनीच्या जी डेटा कंपनीने तपासणी केली तेव्हा ३९ फायली बाधित आढळल्या. एक प्रोग्रॅम संगणकाचे मागचे दार परक्यासाठी उघडणारा होता, दुसरा बिटकॉइन पाठवताना खात्याचा पत्ता बदलून पैसे भलतीकडे वळवणारा. त्यानंतर कंपनीने ते सॉफ्टवेअर संकेतस्थळावरून काढले.

आपण बिटकॉइन बाळगत नाही. परंतु ज्या संगणकावर आपण लेबले छापतो, त्यावरच पीक कर्जाचे खाते उघडतो आणि घरातील सर्वांची आधार कार्डे स्कॅन करून ठेवतो. मागचे दार उघडे राहिले तर जाईल ते हेच. म्हणून विक्रेता किंवा दुरुस्ती करणारा म्हणतो एवढ्यासाठी अँटीव्हायरस कधीही बंद करू नये.

याच्याही पुढचा धोका फोनवरच्या 'मदती'चा आहे. बनावट संकेतस्थळावर 'ड्रायव्हर बसला नाही, या क्रमांकावर संपर्क साधा' असे लिहिलेले असते. फोन केल्यावर समोरचा माणूस संगणक दुरून चालवण्याचा प्रोग्रॅम घ्यायला लावतो आणि मग शुल्काच्या निमित्ताने बँकेचे पान उघडायला सांगतो. असे झाल्यास प्रथम इंटरनेट तोडावे आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून बँकेलाही कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

आधीच शिरले असतील तर

सेटिंग्जमध्ये 'ॲप्स'ची यादी उघडावी आणि ती बसवल्याच्या तारखेनुसार लावावी. प्रिंटर ज्या दिवशी आणला त्या दिवशी काय काय आले ते एकाखाली एक दिसते. ही युक्ती साधी आहे, पण निम्मे काम तिनेच होते. काढण्याची घाई करू नये. भेसळ काढताना आपण रोप निरखूनच उपटतो. तसे एक प्रोग्रॅम काढावा, एक पान छापून पाहावे, मग दुसरा काढावा. ज्याच्या नावात प्रिंटरचे मॉडेल आणि 'ड्रायव्हर' हे शब्द आहेत तो ठेवावा. शाई, अल्बम, सर्वेक्षण, 'ऑफर' अशा नावांचे खुशाल काढावेत. सर्व ड्रायव्हर ताजे करून देतो म्हणणारे आणि त्यासाठी पैसे मागणारे प्रोग्रॅम तर ठेवूच नयेत.

चाचणी मुदतीचा अँटीव्हायरस काढला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुन्हा काम करू लागतो. तो मोफत आहे. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून तो खरोखर सुरू झाला याची खात्री करावी आणि एकदा पूर्ण संगणक तपासून घ्यावा. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे २०१७ पासून घातक प्रोग्रॅम काढण्याची साधने मोफत दिली जात आहेत, त्यांचाही उपयोग करावा. ब्राउझरमध्ये शोधयंत्र बदलले आहे का, अनोळखी एक्स्टेन्शन बसले आहे का, हेही पाहावे. जे काढणे जमत नाही, ते निदान आपोआप सुरू होऊ नये म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून 'स्टार्टअप'मध्ये बंद करावे.

काढलेले पुन्हा उगवते, अशी तक्रार काही जण करतील आणि ती खरी आहे. विंडोज स्वतःहून कंपनीचे ॲप उतरवून घेऊ शकते. डिसेंबर २०२३ मध्ये तर एचपीचा प्रिंटर नसलेल्या अनेक संगणकांवरही 'एचपी स्मार्ट' हे ॲप आपोआप बसले आणि इतर कंपन्यांच्या प्रिंटरची नावे बदलून एचपीची झाली. मायक्रोसॉफ्टला ते निस्तरण्यासाठी वेगळे साधन काढावे लागले. यावर उपाय म्हणून, स्टार्ट मेनूत 'चेंज डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' असे इंग्रजीत शोधावे आणि कंपन्यांची ॲप आपोआप उतरवावीत का या प्रश्नाला 'नो' निवडावे. मात्र प्रिंटर जोडून छपाई सुरू झाल्यानंतरच हे करावे, अन्यथा ड्रायव्हरही अडण्याची शक्यता असते.

ज्यांच्याकडे संगणक नाही, ते फोनवरून छापतात. अँड्रॉइडमध्ये छपाईची सोय असतेच. वाय-फायचा प्रिंटर त्याच जाळ्यावर असेल तर फाइल उघडून 'प्रिंट' म्हटले की तो बहुधा दिसतो. कंपनीचे ॲप घ्यावेच लागले तर प्रिंटर शोधताना ते ठिकाणाची परवानगी मागू शकते. ती 'वापरतानाच' द्यावी. फोनमधील संपर्कांची यादी मागितल्यास देऊ नये, छपाईला तिचा काहीही उपयोग नाही.

आता कायद्याविषयी थोडे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार दिले आहेत. ग्राहकाच्या नकळत टोपलीत जादा वस्तू टाकणे, आणि हव्या असलेल्या वस्तूसाठी संबंध नसलेली दुसरी सेवा घ्यायला लावणे, हे दोन्ही त्यांत आहेत. प्रिंटरसोबत पैसे मागणारी एखादी सेवा आपल्या गळ्यात पडली असेल, तर पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे, प्रिंटरचे बिल जपावे आणि १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करावी. बिलावर प्रिंटरचा मॉडेल क्रमांक लिहून घेण्यास विसरू नये. तक्रार नोंदवताना तो उपयोगी पडतो.