थापी हाती असलेला तिसरा
(ज्ञातिसभेच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला, त्यांपैकी एकाच विद्यार्थ्याविषयी मी बोलणार आहे. आपल्या शिष्यवृत्तीवर तो छायाचित्रण व चित्रफीत-निर्मिती शिकतो आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सहा महिन्यांसाठी एका बांधकाम कंपनीत रुजू झाला आहे. पायाच्या खोदाईपासून स्लॅब पडेपर्यंत तेथील कामाची चित्रे व आवाज टिपावयाचे, हे त्याचे काम. मंडळाच्या बैठकीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "गुरुजी, आपल्या वाडवडिलांनी विटा वाहिल्या, हा विटांचे फोटो काढणार. मग आपण पुढे गेलो ते कोठे?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही.

अमेरिकेत लुईस हाईन नावाचे एक छायाचित्रकार होऊन गेले. आधी ते न्यूयॉर्कमध्ये शाळामास्तर होते, म्हणून मला त्यांचे जरा अधिक कौतुक. १९०८ पासून त्यांनी गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या मुलांची चित्रे घेतली. चित्राबरोबर मुलाचे नाव, वय व काम ते टिपून ठेवीत. मालकास संशय येऊ नये म्हणून मुलाची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मापीत! पुढे १९३० साली एम्पायर स्टेट ही १०२ मजली इमारत उभी राहू लागली, तेव्हा त्या बांधकामाची चित्रे घेण्यास त्यांनाच नेमले. वयाची पंचावन्न वर्षे उलटत असता हा मनुष्य लोखंडी तुळयांवर चढला, प्रसंगी इमारतीबाहेर लोंबत्या पाळण्यात बसला. रिव्हेट ठोकणारे ते गडी त्यामुळे जगाने पाहिले. परंतु त्यांतील बहुतेकांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. मुलांची नावे लिहिणाऱ्याच्याच चित्रांत असे व्हावे, याचे मला राहून राहून नवल वाटते.

माझे वडील गवंडी होते. आमच्या तालुक्यातील एका पुलाच्या उद्घाटनाचे छायाचित्र ठेकेदाराच्या कचेरीत टांगलेले होते. खाली पुढच्या रांगेतील पाच जणांची नावे हुद्द्यांसह छापलेली, आणि शेवटी ‘व कामगार’. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे माझे वडील. हातात थापी, उन्हाने डोळे बारीक झालेले. वडील वारल्यावर मी त्या चित्राची प्रत मागावयास गेलो. कारकुनाने विचारले, "हे तुमचेच वडील, यास पुरावा काय?" पुरावा माझ्याजवळ नव्हता. त्यांनी ओळंबा लावलेल्या त्या पुलावरूनच मी घरी परतलो.

गेल्या रविवारी हा विद्यार्थी माझ्याकडे आला. डोक्यावर हेल्मेट असलेलेच कामगार चित्रात यावेत, अनवाणी घमेली वाहणाऱ्या बाया दिसू नयेत, असे त्यास तेथे बजावलेले. त्याचे प्रमाणपत्र त्यांच्याच सहीने मिळावयाचे आहे. बंड कर, असे सांगणे मला सोपे होते, म्हणूनच मी सांगितले नाही. मी त्यास एक शंभर पानी वही दिली. ज्याचे चित्र घेशील त्याची आधी परवानगी घे आणि नाव, गाव, काम लिहून ठेव. ज्यांचे चित्र घेऊ दिले नाही त्या बायांचेही लिही, एवढेच म्हणालो.

काल त्याने वही दाखविली. चाळीस नावे झाली आहेत, त्यांत सतरा बायांची. बैठकीतील त्या प्रश्नाला माझे उत्तर ही वही आहे. काम संपल्यावर ती आपल्या कार्यालयातील कपाटात ठेवण्यास मंडळाने जागा द्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.