नोटीस आली तर आधी वाचायची
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)

तायांनो, मावश्यांनो, आपले गट कापडी पिशव्या छापतात, म्हणून ही अमेरिकेतली गोष्ट सांगते.

न्यू ऑर्लिन्स हे फ्रेंचांनी 1718 साली वसवलेलं शहर. तीन पाकळ्यांच्या फुलासारखं चिन्ह ही त्याची जुनी खूण, शहराच्या झेंड्यावरसुद्धा आहे. 2005 च्या कतरिना वादळात शहर बुडालं, तेव्हा लोकांनी हीच खूण अंगावर मिरवली. 2010 मध्ये तिथला 'सेंट्स' हा फुटबॉल संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. मग काय, टी-शर्टची धडाक्यात विक्री! तेवढ्यात सामने भरवणाऱ्या लीगच्या (आपल्या आयपीएलसारखीच) नोटिसा छोट्या दुकानदारांना आल्या. हे चिन्ह आणि 'हू डॅट' ही चाहत्यांची आरोळी आमची, विक्री थांबवा! 'हू डॅट' म्हणजे 'कोण रं त्यो?' शंभर वर्षांहून जुनी बोली ती. लोक खवळले, तिथल्या खासदारानं पत्र लिहिलं, अन् लीग नमली. म्हणाली, संघाच्या इतर खुणा जोडून विकलं तरच आमची हरकत.

मेख इथंच आहे बघा. तुम्ही स्वतः काढलेली नथ, तुळशीवृंदावन पिशवीवर खुशाल छापा. आयपीएल संघाचं नाव, लोगो मात्र विनापरवानगी नको. रोजच्या बोलीत रुळलेल्या शब्दांची नोंदणी आपल्या 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातही नाकारता येते.

कुणाला नोटीस आलीच, तर घाबरून सही करू नका, माल फेकू नका. मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा अन् कागद घेऊन प्रभागसंघात या. वकिलाला आपण मिळून दाखवू.