महाविद्यालयीन विद्यार्थी, व्यायाम आणि मनाचे आरोग्य

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत मनोविकार विभागातर्फे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विभागाची रुग्णसंख्या या अहवालात अन्यत्र छापलेली आहेच. ती पुन्हा वाचून दाखवत नाही. त्याऐवजी एका तरुणाविषयी बोलण्याची अनुमती मागतो. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील या मुलाला वडील डोकेदुखीसाठी घेऊन आले होते. सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या. झोप पहाटे तीनला लागे, जेवण जात नसे, दोन विषय राहिले होते. वडिलांना बाहेर बसवून विचारले, तेव्हा 'जगून तरी काय उपयोग' असे वाटत असल्याचेही त्याने सांगितले. पुढे बोलण्यातून कळले की दहावीपर्यंत तो शाळेच्या कबड्डी संघात होता. "अकरावीला आम्हीच खेळ बंद करवला, डॉक्टरसाहेब," वडील म्हणाले. सारे पालक जे करतात तेच त्यांनी केले होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. खेळ सुटला म्हणून हे घडते, असे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. पैसा, परीक्षा, घरातील कलह, जातीवरून होणारी अवहेलना, अशी अनेक कारणे असतात. (असे विचार बोलून दाखवणारे कोणी घरात असेल, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, कृपया लिहून घ्यावा.) तथापि ज्या मुलाचे मन आधीच खचू लागले आहे, त्याचा एक आधार आपणच काढून घेतो, हे मात्र नाकारता येत नाही.

'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २१८ अभ्यासांतील चौदा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली. चालणे व धावणे, योगासने आणि वजन उचलण्याचे व्यायाम यांनी नैराश्य कमी होण्यास मदत होते, असे त्यात दिसले. पुराव्याच्या उणिवाही संशोधकांनी प्रामाणिकपणे मांडल्या आहेत. हे कसे घडते याचे एकच एक उत्तर नाही. शरीर दमल्याने झोप सुधारते, सकाळच्या उजेडाने दिवस-रात्रीची लय जागेवर येते, चार माणसांत मिसळणे होते. चिंतेने ग्रासलेल्या मुलांना याचा आणखी एक लाभ होतो. छाती धडधडली की आता काही तरी भयंकर होणार, अशी त्यांची समजूत असते. धावल्यावरही छाती धडधडते आणि थोड्या वेळाने आपोआप शांत होते, हा अनुभव त्यांना माझ्या शंभर समजुतींपेक्षा अधिक पटतो.

मात्र नैराश्यात उठण्याचीच शक्ती हरपते; तो आळस नव्हे, आजाराचे लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सांगते. हा आकडा पहिल्याच दिवशी अशा मुलाच्या हाती ठेवला, तर त्याच्या अपयशांच्या यादीत आणखी एकाची भर पडते. म्हणून आम्ही या मुलाला औषधे दिली, दर आठवड्याला बोलावले, आणि रात्रीच्या जेवणानंतर खोलीतील मित्रासोबत फक्त दहा मिनिटे चालण्यास सांगितले. वडील जरा हसले. "शेतात राबणाऱ्याला कोणी व्यायाम सांगत नाही, आणि पोराला चालायला सांगायला डॉक्टर लागतो?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दहाची वीस मिनिटे होण्यास दीड महिना लागला. चौथ्या महिन्यात तो वसतिगृहातील मुलांबरोबर व्हॉलीबॉल खेळू लागला. एक विषय अजून राहिला आहे, औषधेही चालू आहेत. झोप मात्र अकराला लागते.

औंध संस्थानच्या शाळांत भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. आज सक्तीची आवश्यकता नाही, मोकळीक दिली तरी पुरे. एका महाविद्यालयाचे मैदान सायंकाळी साडेपाचला बंद होते आणि शेवटचा तासही साडेपाचलाच संपतो, असे तेथील विद्यार्थिनीने मला सांगितले. मुले निदान रस्त्यावर धावतात. अंधार पडल्यावर मुलींना वसतिगृहाच्या खोलीवाचून दुसरी जागा उरत नाही.

आपल्यापैकी काही जण शिक्षण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. रुग्णालयाला आपण सढळ हाताने देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदा एक निराळी मागणी करतो. आपल्या संस्थेचे मैदान साडेसातपर्यंत उघडे राहावे, तेथे दिवे असावेत आणि मुलींसाठी एखादी प्रशिक्षिका असावी. या कामी आमच्या विभागाचे समुपदेशक महिन्यातून एकदा विनामूल्य येतील. इच्छुकांनी सभेनंतर माझ्याकडे नाव द्यावे.