माग
(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील भाषणाचे शब्दांकन)



‘खेड्यातला पोलीस तपास’ हा विषय मी मागून घेतला. नातवाने मला एक फ्रेंच कादंबरी इंग्रजीतून वाचायला दिली आणि ती डोक्यातून जाईना. जॉर्ज सिमेनॉनची, १९३२ सालची. पॅरिसचा पोलीस अधिकारी मेग्रे आपल्या जन्मगावी येतो. अमुक दिवशी पहाटेच्या प्रार्थनेच्या वेळी गावच्या चर्चमध्ये गुन्हा घडेल, अशी चिठ्ठी पोलिसांना आलेली असते. तो तिथे हजर असतानाच म्हातारी जहागीरदारीण बसल्या जागी प्राण सोडते. सुरा नाही, गोळी नाही. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात कुणीतरी वर्तमानपत्राचं खोटं कात्रण ठेवलेलं, ते वाचूनच तिचं हृदय बंद पडलं. आता गंमत बघा, मेग्रेचा बाप त्याच जहागिरीवर कारभारी होता. मुंबईच्या गल्ल्यांतून फिरणारे बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आपण चवीने वाचले, पण असा अवघडलेला तपासनीस मला तिथे भेटला नव्हता. ज्याची चौकशी करायची, त्याच्या घरचं मीठ खाल्लेलं!

फ्रान्सच्या खेड्यात गावचा म्हणून एक शिपाई असतो, शेतं-शिवार राखणारा. आपल्याकडे तो पूर्वापार आहेच. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये अहवाल लिहिला, त्यात हे सगळं आहे. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची आणि त्याचा उजवा हात म्हणजे राखणदार. आपल्या खानदेशात त्याला जागल्या म्हणत, आणि तो बहुधा भिल्ल असे. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाची चाल कशी, हे त्याला ठाऊक असायचं. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं, पावलाचं माप पुढच्या गावच्या राखणदाराच्या हाती द्यायचं आणि मग ती जबाबदारी त्या गावाची. इकडे गुजरातेत यालाच पगेरू काढणं म्हणतात आणि काढणारा तो पगी. बनासकांठ्याचे रणछोड पगी १९६५ च्या लढाईत आपल्या सैन्याला वाट दाखवत होते. तुमच्यापैकी अनेकांनी ‘भुज’ सिनेमात संजय दत्तला त्या भूमिकेत पाहिलं असेल.

इंग्रजांनी १८६७ मध्ये ग्राम पोलीस कायदा केला. बरोबर शंभर वर्षांनी, १९६७ मध्ये, महाराष्ट्राने नवा केला आणि पोलीस पाटील वंशपरंपरेचा न राहता नेमणुकीचा झाला. मधल्या काळात १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा येऊन गेला. पिढ्यान्‌पिढ्या गावं राखणाऱ्या कित्येक जमातींवर जन्मतःच चोर असा शिक्का बसला. तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. कागदावरून गेला, असं म्हणू.

हे इतकं मला का सुचतंय, तर आमच्या सोसायटीतून गेल्या वर्षी एक सायकल गेली. कॅमेरा बघायच्या आधीच रात्रीच्या वॉचमनला काढून टाकलं होतं. शिरपूरकडचा पोरगा. नंतर कॅमेऱ्यात जे दिसलं, ते दिसलं. सायकल परत आली, पोरगा काही आला नाही. सभेत मीही होतो. हात वर केला नव्हता, पण तोंडही उघडलं नव्हतं.

त्या रात्री मला आजोबा आठवले. ते तापीकाठच्या आमच्या गावचे पाटील. १९५९ साल असेल, मी तिसरीत. तेव्हा आमचं गाव आणि हे कामरेज एकाच मुंबई राज्यात होते, नदीही हीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एका विधवा बाईचे चांदीचे तोडे गेले. तिच्या परसात ओल्या मातीत पाऊल उमटलेलं होतं. आमच्या जागल्याने आधी त्यावर टोपली पालथी घातली, माणसं लांब केली. मग ज्वारीची काडी घेऊन टाचेपासून अंगठ्यापर्यंत माप घेतलं, काडी नखाने तोडली. दुसऱ्या काडीने पंजाची रुंदी. टोपली धरायला मी होतो, त्यामुळे माझी छाती केवढी फुगली होती!

माग नदीकडे गेला. लोक म्हणाले, झालं, उतरून भिलाटीत गेला असणार. जागल्या काही बोलला नाही. काठाकाठाने वाकून चालत राहिला. पाऊण फर्लांगावर तेच पाऊल पाण्यातून बाहेर आलं आणि गावाकडे वळलं. गुरांच्या वाटेवर दोनदा हरवलं, दोनदा त्याने शोधलं. शेवटी आमच्याच खळ्याच्या दाराशी तो उभा राहिला. आत माझा चुलतकाका कडबा रचत होता, अनवाणी.

जागल्याने दोन्ही काड्या आजोबांच्या हातात दिल्या आणि हळूच म्हणाला, “आबा, पाय गावबाहेर गयाच नही.”

आजोबा बराच वेळ काड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या मोडल्या. तालुक्याला कागद गेला तो असा, की माग नदीपात्रात हरवला. तिसऱ्या दिवशी पोलीस आले आणि भिलाटीतली दोन पोरं घेऊन गेले. चार दिवसांनी सोडली. एकाला नीट चालता येत नव्हतं. तोडे पंधरा दिवसांनी त्या बाईच्या उंबऱ्यावर आपोआप सापडले, गावाने ती देवाची करणी मानली. आजोबांनी चुलतकाकाला काय केलं, मला माहीत नाही. त्या वर्षी सुगीत जागल्या आमच्या खळ्यावर धान्य न्यायला आला नाही. आजोबांनी गाडीने पाठवलं, तर गाडी भरलेलीच परत आली.

मोडलेल्या काड्यांचा एक तुकडा मी उचलून खिशात ठेवला होता. संध्याकाळी आजीने सदरा धुवायला घेतला, तेव्हा तो तिला सापडला. तिने काहीएक विचारलं नाही. चुलीत घातला आणि मला म्हणाली, जेवायला बस.