रानडुकराच्या शिकारीची ट्रिप काढताय? आधी हे ऐका

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. प्रश्न साधारण असा असतो: "दादा, अमेरिकेत लोक कायोटी आणि रानटी डुकरांच्या शिकारीला जातात. घरापासून हजार-दीड हजार किलोमीटर गाडी चालवतात, तीन दिवस राहतात, रात्री दुर्बीण लावलेल्या बंदुका घेऊन बसतात. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत इतकी डुकरं आहेत, शेतकरीही वैतागलाय. मग तशी ट्रिप निघते का? खर्च किती येईल?"

छोटं उत्तर: नाही, निघत नाही. मोठं उत्तर ऐकायला मात्र थांबा. कारण या प्रश्नात "शेतकरी वैतागलाय" हे जे वाक्य आहे ना, ते शंभर टक्के खरं आहे.

तिकडे चालतं, मग इकडे का नाही?

आधी तिकडचं बघू. टेक्सासमध्ये जमीनमालकानं हो म्हटलं की त्याच्या जमिनीवर रानटी डुकरं वर्षभर मारता येतात. हेलिकॉप्टरमधून मारायलाही कायद्यानं मुभा आहे. तुम्ही रील्समध्ये बघता ते हेच. पण तिकडचं डुक्कर मुळात पाहुणं आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी बोटींतून पाळीव डुकरं नेली, ती सुटली, रानटी झाली, पुढे शिकारीसाठी युरोपातून आणलेल्या रानडुकरांशी त्यांचा संकर झाला. ती त्या जंगलातली नाहीतच, म्हणून तिथलं सरकार सरळ म्हणतं, कमी करा.

आपलं रानडुक्कर इथलंच आहे. वाघ, बिबट्या, रानकुत्रे यांच्या ताटातला तो मोठा घास. ताडोबात डुकरं कमी झाली तर वाघ कशाकडे वळेल? गावातल्या गाईगुरांकडे. हिशेब इतका सरळ आहे.

आणि कायोटी? तो आपल्याकडे नाहीच. त्याचा इकडचा भाऊबंद म्हणजे कोल्हा. संध्याकाळी कोल्हेकुई ऐकली असेल, तोच. कोल्हा उंदीर खातो, मेलेली जनावरं साफ करतो. म्हणजे शेतकऱ्याचं काम फुकटात करतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यात कोल्हा पहिल्या अनुसूचीत गेला. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत कोल्हा. त्याला मारलं तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर दंड.

कायदा नेमकं काय म्हणतो?

रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. विनापरवाना मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अभयारण्यात मारलं तर शिक्षा आणखी कडक. आणि "आम्ही मारलं कुठे, नुसता फासा लावला होता" असं म्हणून सुटका नाही. फासा लावणं, हाकारा करणं, आमिष ठेवणं, विष घालणं, इतकंच काय, मारायचा प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी, बंदूक सरकारजमा होते. ढाब्यावर कुणी हळूच "रानडुकराचं मटण आहे" म्हटलं आणि तुम्ही पिशवीत बांधून घेतलं, तर तुम्हीही अडकलात.

मग शेतकऱ्यानं काय करायचं? त्याच्यासाठी कलम ११ आहे. डुक्कर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालं असेल, तर अधिकृत वनअधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. वनविभागाच्या भाषेत हा पारध परवाना. तो कारण नमूद करून, ठरलेल्या जागेपुरता मिळतो. आणि परवान्यानं मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता असतं. घरी नेऊन रस्सा करायचा नाही. आता सांगा, पुण्या-मुंबईहून येणाऱ्या हौशी पाहुण्यासाठी यात जागा कुठे आहे?

हा परवानाही वादाशिवाय राहिलेला नाही. जून २०१६ आठवा. तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयावर जाहीर टीका केली होती. चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारली आणि आणखी ५० मारायची परवानगी दिली, असं त्या म्हणाल्या. तेव्हाचे पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर म्हणाले, राज्यं मागणी करतात म्हणून आम्ही परवानगी देतो. दोन दिवस टीव्हीवर खडाजंगी झाली. झाडीपट्टीतला शेतकरी मात्र त्या रात्रीही शेतातच होता.

रात्र कुणाची?

ही रात्र कशी असते ते समजून घ्या. चंद्रपूरचा पूर्व भाग, म्हणजे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आणि गडचिरोलीचा बराचसा भाग हा धानाचा मुलूख. धान दुधावर आलं की डुकरांचा कळप येतो. खातो थोडं, तुडवतो जास्त. एका रात्रीत बांधीच्या बांधी आडवी. कापूस, तूर, हरभरा असलेल्या भागातही हीच रड. म्हणून शेतकरी जागलीला जातो. मचाण, कंदील किंवा बॅटरी, डबा वाजवायला काठी. आणि हा मुलूख वाघाचा. म्हणजे डुक्कर हाकलायला गेलेला माणूस स्वतःच सावज होऊ शकतो. तुमच्यासाठी जे "नाइट हंटिंग" आहे, ते त्याच्यासाठी दोन महिन्यांचं जागरण आहे.

थकलेला माणूस मग सोपा उपाय शोधतो. शेताच्या धुऱ्यावर उघडी तार ओढायची, विजेच्या खांबावरून आकडा टाकायचा. खरी शिकार ही इथे चालते. बंदुकीनं नाही, तारेनं. आणि तार डुक्कर ओळखत नाही.

एप्रिल २०१७. 'जय' हा उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध वाघ. त्याचा बछडा समजला जाणारा 'श्रीनिवास' नावाचा तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर. नागभीडच्या भागात त्याची कॉलर सापडली, वाघ नाही. शोध घेतल्यावर कळलं, शेतातल्या जिवंत तारेला चिकटून मेला आणि पुरून टाकला. त्याच वर्षी ब्रह्मपुरीत माणसांवर हल्ले करणाऱ्या एका वाघिणीला पकडून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलं होतं. ती तिथून निघाली, शेकडो किलोमीटर फिरली. तिला गोळी घालायची की नाही यावर उच्च न्यायालयात लढाई झाली. ऑक्टोबरमध्ये ती वर्धा जिल्ह्यात एका शेताच्या तारेला लागून मेली. कोर्टात वाद वाघिणीचा होता, तार लावली होती डुकरासाठी.

आणि फक्त वाघच नाही. शेजारचा शेतकरी पहाटे पाणी द्यायला जातो आणि त्याच तारेला लागतो. कधी तर तार लावणाराच. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, घरातला कर्ता माणूस तुरुंगात, दुसऱ्या घरातला सरणावर. एका डुकरापायी दोन घरं बसली.

मग उपाय?

उपाय आहे, पूर्ण नाही पण आहे. सौर कुंपण, गावात ज्याला झटका मशीन म्हणतात. लोक म्हणतात, तीही करंटच ना? नाही भाऊ. खांबावरून घेतलेली वीज सलग वाहते. अंग चिकटतं, सुटत नाही. झटका मशीनचा दाब हजारो व्होल्टचा असतो, पण तो साधारण सेकंदाला एकदा, डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी संपणारा ठोका असतो. जनावर दचकतं, मागे फिरतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळतं. अडचण एवढीच की तारेखालचं गवत सतत कापावं लागतं, बॅटरी सांभाळावी लागते, आणि एकट्यानं लावली तर डुक्कर शेजाऱ्याकडे वळतं. सगळ्या गावानं मिळून लावली तरच अर्थ.

तरीही यायचंय? या की!

आता ट्रिपचं बोलू. बंदूक घरी ठेवा. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेणं हाच गुन्हा आहे. नागपूरहून चंद्रपूर साधारण १५० किलोमीटर, रेल्वेनं चंद्रपूर किंवा बल्लारशाला उतरता येतं. ताडोबाचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, आणि एरवी मंगळवारी सुट्टी. बुकिंग ऑनलाइन, ओळखपत्र तेच सोबत. सफारीत मोबाइल नेता येत नाही, म्हणजे रील विसरा. बरंच झालं. गाइडला वाघ सोडून एक दिवस डुकराबद्दल विचारा. उकरलेली माती दाखवा म्हणा, चितळाचा खूर आणि डुकराचा खूर वेगळा कसा ओळखायचा ते विचारा. शिकाऱ्याची नजर यालाच म्हणतात, आणि ती फुकट आहे. ताडोबात शिकारबंदी १९३५ ची आहे, १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे तुम्ही ज्या शिकारीचं स्वप्न बघताय, ते तिथे नव्वद वर्षांपूर्वीच संपलंय.

तिथून गडचिरोली अंदाजे ८० किलोमीटर. पुढे आलापल्लीला जायचं तर आणखी शंभरहून जास्त. तिथलं 'वनवैभव' बघा, जुन्या सागाचं राखून ठेवलेलं जंगल. नेटवर्कचा भरवसा धरू नका, अंधार पडल्यावर जंगलातल्या रस्त्यानं प्रवास नको. मच्छरदाणी आणि अंगभर कपडे न्या, मलेरिया तिथे थट्टा नाही.

आणि हेमलकशाला जाणार असाल तर आधी विचारून, परवानगी घेऊन जा. बाबा आमटे यांनी १९७३ साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे यांना एकदा शिकारीहून परतणारे माडिया लोक भेटले. बांबूला मेलेली माकडीण, तिच्या छातीला जिवंत पिल्लू. डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतलं. तिथलं प्राणी अनाथालय त्यातून उभं राहिलं. यातली गोष्ट नीट बघा. माडियांनी माकडीण मारली ती पोटासाठी. डॉक्टरांनी त्यांना कायदा वाचून दाखवला नाही. आधी दवाखाना दिला, शाळा दिली, शेतीला हात दिला. मग लोक स्वतःच अनाथ पिल्लं आणून द्यायला लागले.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. भुकेपोटी केलेली शिकार समजून घेता येते, पिकापोटी केलेलीही. हौसेपोटी केलेली तिथल्या कुणाच्याच कामाची नाही. तुम्ही दोन डुकरं मारून परत जाल, कळप दुसऱ्या रात्री पुन्हा येईल. त्यापेक्षा होमस्टेला राहा, गावातलाच गाइड घ्या, तिथलाच तांदूळ विकत घ्या. तुमचे तीन दिवसांचे पैसे गावात पडले, तर जंगल राखण्यात गावाचा फायदा आहे हे कुणाला सांगावं लागत नाही.

आणि शेवटचं, हे मात्र लक्षात ठेवा. पायी फिरताना धुऱ्यावर उघडी तार दिसली तर हात लावू नका, काठीनंही नाही. मागे फिरा, गावातल्या लोकांना सांगा, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. कुणाला पकडून द्यायचं म्हणून नाही. उद्या पहाटे तिथून कुणीतरी पाणी द्यायला जाणार असतं, म्हणून.

तुमच्या गावात झटका मशीन बसवली असेल, चालली असेल किंवा बंद पडली असेल, तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या एखाद्या भागात ते ऐकवू. काळजी घ्या, भेटू!