कथेतील अर्जदार



कथा वाचून काय साधते, असा प्रश्न केला जातो. एक सामान्य वाचक या नात्याने मी तीन कथांची साक्ष देतो.

१८४२ साली प्रसिद्ध झालेल्या गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ या रशियन कथेतील गरीब कारकुनाचा नवा कोट चोरीस जातो. दाद मागण्यास तो एका बड्या अधिकाऱ्याकडे जातो. तेथे केवळ दरडावणी पदरी पडते आणि तो तापाने मरण पावतो. चेखॉव्हच्या १८८६ मधील कथेत मुलगा वारलेला गाडीवान, ऐकणारा कोणी न भेटल्याने, आपले दुःख अखेर घोडीला सांगतो. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. पण ती मनांतून गेली नव्हती, हे बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ साली दाखविते. तीतील रेल्वे कामगार जात उघड होताच मार खातो.

अर्जावर नाव, गाव आणि मागणी असते. त्यामागील माणूस कथेत भेटतो. म्हणून गावच्या वाचनालयातील कथासंग्रह आपण स्वतः वाचावेत, आणि समोर आलेल्याचे म्हणणे पुरते ऐकून मगच शेरा लिहावा, एवढीच विनंती.